इंदूने कुणालाही खाल्लं नाही

मुख्याध्यापक साहेब, इंदूसोबत शिकवणाऱ्या सगळ्या बाई, गुरुजी, तिचे आजी-माजी विद्यार्थी आणि बोदवडकर मंडळी,

तुम्ही एवढे सगळे आलात. काही जण तर शाळेचा जुना गणवेश घालायच्या वयापासून तिला ओळखणारे. माझी इच्छा होती की दोन शब्द बोलावे आणि खाली बसावं. पंधरा दिवस झाले, दोन शब्दसुद्धा नीट जुळत नाहीत. सांभाळून घ्या.

इंदू माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आत्तापर्यंत इथे सगळ्यांनी सांगितलं की बाई फार सोशिक होत्या. बोटं वाकडी झाली तरी मुठीत खडू धरून फळ्यावर लिहायच्या. खरं आहे. पण ती सोशिक कशी झाली, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. आज सांगतो.

आमचं मूळ गाव धुळ्याजवळ. इंदू जन्मली आणि पाचव्या दिवशी आमचे वडील गेले. मुदतीच्या तापाने गेले. ती जन्मायच्या आधी बारा दिवस ते अंथरुणावर होते. वैद्याला बोलवायला मीच पळालो होतो, सहा वर्षांचा होतो, मला ते पक्कं आठवतं. पण ताप कुणाच्या लक्षात राहिला? कुणाच्याच नाही. लक्षात राहिली पोरगी. आमची आजी तिच्या पाळण्याकडे बघून म्हणायची, "बापले खाई गई. आते कोणले खाशी?"

मंडळी, हे एकदा नाही. रोज. जेवताना, झोपताना, केस विंचरताना. आई विधवा, आजीच्या घरात दोन घास खाणारी. ती काय बोलणार? मान खाली घालायची.

मग घरात एक पद्धत पडली. कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की इंदू समोर यायची नाही. मी परीक्षेला निघालो, काका बाजाराला निघाले, की तिला धान्याच्या कोठीत बसवायचं आणि बाहेरून कडी. आजी मला म्हणायची, "तिनं तोंड देखीसन जाशी का? कडी लाव, मंग निंघ." कडी मी लावायचो. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जोडे घालावे तशी कडी लावायचो.

ती सहा वर्षांची असताना धाकट्या काकाचं लग्न निघालं. वैशाखातलं ऊन, आणि खान्देशातलं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको. वऱ्हाड पाच कोसांवर जायचं होतं. गाड्या जुंपल्या, नवरदेव निघाला, त्याआधी मी कडी लावली. आईला वाटलं थोरल्या काकूने उघडली असेल. काकूला वाटलं आजीने. आणि मला?

मला आठवण झाली होती, मंडळी.

गाव मागे पडलं, ओढा ओलांडला आणि मला आठवलं. मी गाडीत उठून उभासुद्धा राहिलो. पण नवरदेवाची गाडी मागे फिरली तर अपशकुन होतो. आजी मला काय म्हणेल? मी बारा वर्षांचा होतो. मी खाली बसलो. लग्नात मी लाडू खाल्ले. चार खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. कडी काढली. कोठीला खिडकी नव्हती, पाण्याचा थेंब नव्हता. पोरगी पोत्याला टेकून बसलेली. ओठ फुटलेले, तोंडात कच्ची ज्वारी चावलेली. आणि मला बघून काय म्हणाली?

"भाऊ, लगीन लागनं का? मी आवाज नही करा."

थांबा. पाणी द्या जरा.

हं. त्यानंतर ती पोर कधी धड राहिली नाही. घरात काही कार्य निघालं की तिला ताप भरायचा. अंगावर फोड, घसा सुजलेला, वर्षातले दहा महिने सर्दी. दुसऱ्या पोरांना खरचटलं तर चार दिवसांत बरं व्हायचं, हिचं महिनाभर चिघळायचं. आम्ही काय म्हणायचो? शुभकार्यात मुद्दाम आडवी येते. तिच्या आजारपणाचाही दोष तिच्याच माथी.

मुख्याध्यापक साहेब, तुम्ही मला एकदा विचारलं होतं, बाई बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी दारात का येत नाहीत? मुलं आत जाऊन बसेपर्यंत शिक्षकांच्या खोलीतच का थांबतात? मी तुम्हाला म्हणालो, लाजाळू आहे. साहेब, लाजाळू नव्हती हो ती. पोरांच्या परीक्षेला आपलं तोंड दिसू नये म्हणून आत बसायची. पदवी झाली, नोकरी झाली, आणि तरी आत बसायची.

अठ्ठाविसाव्या वर्षी सांधे सुजले. मग मूत्रपिंड, मग फुप्फुसं. जळगावच्या एका वयस्कर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "शरीरात रोगाशी लढणारी जी ताकद असते, ती हिच्यावरच उलटली आहे. शेताच्या राखणदाराला लहानपणापासून झोपूच दिलं नाही, तर तो एक दिवस मालकालाच चोर समजून काठी घालतो, तसं." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "लहानपणी घरात फार धाक होता का? मार? काही मोठी भीती? मी खात्रीने सांगू शकत नाही. यात आनुवंशिक काही असतं, आणखीही कारणं असतात. पण सतत घाबरलेल्या लेकरांचं शरीर मोठेपणी असं वागताना मी बरंच पाहिलंय."

मंडळी, मी तिच्या शेजारी बसलो होतो. मी म्हणालो, "छे छे, डॉक्टर. आमचं चांगलं घर होतं."

इंदूने माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "हो, भाऊ म्हणतो तसंच."

परत येताना एसटीत ती हसली. तिचं हसणं तुम्हाला माहीत आहे, अर्ध्या ओठातलं. म्हणाली, "भाऊ, डॉक्टरना समोरबी कडी लाई टाकी तू."

 नंतर सात वर्षं ती जगली. सात वर्षांत मी डॉक्टरांकडे परत जाऊन खरं सांगू शकलो असतो. औषधं कदाचित तीच राहिली असती. पण कुणीतरी तिला त्या भीतीबद्दल एकदा तरी बोलू दिलं असतं. मी दर महिन्याला गोळ्या आणून दिल्या आणि स्वतःला चांगला भाऊ म्हणवून घेतलं.

आता जे सांगायला उभा आहे ते सांगतो.

ज्या दिवशी इंदू गेली, त्याच सकाळी माझ्या लेकीला, सुमनला, मुलगी झाली. दुपारी जळगावच्या दवाखान्यातून इंदू गेल्याचा निरोप आला. मी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभा होतो. आणि माझ्या तोंडून निघालं, "आली आणि माझ्या बहिणीला घेऊन गेली."

आजी नाही म्हणाली. आजी जाऊन वीस वर्षं झाली. मी म्हणालो. ज्याने कडी लावली, ज्याने ती फुटलेल्या ओठांची पोर पाहिली, तोच मी. मला सगळं माहीत होतं आणि तरी म्हणालो. कुठून आलं ते माझ्या तोंडात? कुणी सांगू शकेल मला? पंधरा दिवस मी हेच विचारतोय.

सुमनने बाळाला पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बाळाला मला हात लावू देत नाही. बरोबर करते. पण शेजारणी ते वाक्य ऐकून गेल्या. परवा गल्लीत एक बाई दुसरीला म्हणत होती, ती बघ, वाईट पायगुणाची. पंधरा दिवसांची पोर, मंडळी! तिला अजून मान धरता येत नाही.

म्हणून चार माणसांसमोर बोलतो. इंदूने आमच्या बापाला खाल्लं नाही. माझ्या नातीने इंदूला नेलं नाही. इंदूला आमच्या घराने संपवलं, आणि त्या घरात मी होतो.

मला ठाऊक आहे, दुखवट्याहून उठून कुणी बाळ बघायला जात नाही. घरी जातात, अंघोळ करतात. आज तसं करू नका, मी पाया पडतो. इथून सरळ माझ्या घरी या. हातपाय न धुता या. बाळाला मांडीवर घ्या, तिच्या तोंडाकडे बघा आणि मग आपापल्या कामाला जा. किती जण याल, मला माहीत नाही. मला भीती वाटते की कुणीच येणार नाही.

इंदू, तुझ्याकडे माफी मागायचा मला हक्क नाही. हात जोडतो, एवढंच.

आता तिच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहूया. आणि मग चला माझ्याबरोबर. मी एकटा जाऊन सांगितलं तर माझ्या मुलीचा माझ्यावर विश्वास बसणार नाही.