मी फक्त नकाशा लावला

नाही पण मी म्हणतो, नकाशाच लावला ना भिंतीवर? कुणाच्या घराला आग तर नाही ना लावली? मग साठ प्राध्यापक एकदम खुर्च्या सरकवून उठतात म्हणजे काय! तो आवाज ऐकलाय कधी? साठ लोखंडी खुर्च्या, एकाच वेळी, फरशीवर... आणि मी मुळात भित्रा माणूस!

तुम्हाला सांगतो, अध्यक्ष व्हायची मला काडीची हौस नव्हती. आमचं ते प्रादेशिक अभ्यासाचं नेटवर्क... नेटवर्क म्हणजे काय, तर ठिकठिकाणच्या कॉलेजांतली माणसं जमतात, आपल्या प्रदेशाचा इतिहास, बोली, शेती यांवर निबंध वाचतात, एकमेकांच्या निबंधांची साल काढतात, चहा पितात आणि घरी जातात. त्यात दोन तट. नदीवाले आणि डोंगरवाले. मी दोन्हींत नाही, मी विहिरींवर काम करतो. विहिरीशी कोण भांडणार? म्हणून आमच्या बाई, म्हणजे आधीच्या अध्यक्ष, एवढी वर्षं एकहाती सांभाळून निवृत्त व्हायला निघाल्या, तेव्हा नदीवाले म्हणाले विहिरीवाला चालेल, डोंगरवालेही म्हणाले विहिरीवाला चालेल. मला कुणी विचारलं? छे! मी मागच्या रांगेत चहात बिस्किट बुडवत होतो. वर पाहिलं तर टाळ्या चालू, आणि बिस्किट कपात!

घरी सांगितलं तर बायको म्हणते, "अहो, दारावर वस्तू विकणारा आला तर तुम्ही मला पुढे करता. तुम्ही प्राध्यापक सांभाळणार?" खोटं कशाला बोलू, बरोबरच होतं तिचं. मी मुळात भित्रा माणूस!

मग बाईंनी कार्यालयाची किल्ली हातात ठेवली. "फार काही करू नका हं." म्हटलं, "म्हणजे कसं, बाई?" "म्हणजे काहीच करू नका." आता हा काय उपदेश झाला? मला वाटलं, दमल्या असतील बिचाऱ्या. पण नवा अध्यक्ष म्हटल्यावर काहीतरी केल्यासारखं दिसायला नको का? सभागृहाची भिंत पाहिली, तर ओकीबोकी. एवढी विद्वान माणसं, जन्मभर प्रदेशाचा अभ्यास करतायत आणि प्रदेशाचा साधा एक नकाशा नाही! मी आपला छापून घेतला. भिंतभर. हिरवागार. आणि कडेनं जाड लाल रेघ.

ती रेघ! ती रेघच नडली हो!

सभा सुरू झाली. नदीवाले सर उठले. आवाज असा की माइक बंद करूनही मागे ऐकू जावा. "अध्यक्षमहाराज! ही रेघ नदीच्या अलीकडेच का थांबली? पलीकडची माणसं काय चंद्रावर राहतात?" मी घाबरून म्हटलं, "सर, छपाईवाल्याला जरा सरकवायला सांगतो..." झालं! डोंगरवाल्या मॅडम उठल्या. त्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं! त्या चष्मा काढतात, पदरानं पुसतात आणि इतक्या हळू बोलतात की आपल्याला श्वास रोखून ऐकावं लागतं. "सरकवा ना. जरूर सरकवा. फक्त आमचे डोंगर कुठे सरकवताय तेही सांगून टाका."

आणि उठल्या की सगळ्या खुर्च्या!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, इथे प्रत्येकाच्या मनातला प्रदेश वेगळा! रेघ कुणी ओढलीच नव्हती, म्हणून तर सगळे एका छपराखाली सुखानं नांदत होते. बाईंनी ती भिंत जिवापाड मोकळी ठेवली होती, आणि मी शहाणा... मी धावत स्टुलावर चढलो, म्हटलं काढूनच टाकतो मेला! तर दोन्हीकडून एकदम आरोळी, "हात लावू नका! पुरावा आहे तो!" मी स्टुलावर, नकाशाचा एक कोपरा हातात, खाली उतरायचीही भीती, वर राहायचीही भीती!

पण तुम्हाला खरं सांगतो, चेष्टा नाही, त्या क्षणी वेगळीच भीती वाटली. जगात कुणी माझ्या विहिरींबद्दल ऐकून घेत नव्हतं, तेव्हा याच माणसांनी घेतलं होतं. शंका काढल्या, चुका दाखवल्या, पण शेवटपर्यंत बसून ऐकलं. आणि ते सगळं आज मोडणार, तेही माझ्या हातानं, पहिल्याच सभेत. स्टुलावरूनच हात जोडले. "चूक माझी आहे. माझा राजीनामा घ्या, पण कृपा करून उठून जाऊ नका."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी सरांकडे पाहिलं. डोकी जवळ आली, कुजबुज झाली. मला वाटलं, सुटलो! मनातल्या मनात बुटांच्या नाड्यासुद्धा बांधल्या मी!

सर गरजले, "ठराव मांडतो. हा नकाशा साफ चुकीचा आहे!" मॅडम म्हणाल्या, "अनुमोदन." सगळे हात वर! इतक्या वर्षांत एकमतानं झालेला पहिला ठराव! आनंदाच्या भरात मीही हात वर केला. मग मॅडमनी चष्मा काढला... "ठरावाचा दुसरा भाग. ज्यांनी नकाशा लावला, त्यांनीच तो सर्वांच्या संमतीनं दुरुस्त करावा. तोवर त्यांना पद सोडता येणार नाही."

सर्वांच्या संमतीनं! ऐकलंत ना? सर्वांच्या! मी केविलवाण्या तोंडानं पहिल्या रांगेतल्या बाईंकडे पाहिलं. बाई पर्स उचलून निघाल्या होत्या, जाता जाता एवढंच म्हणाल्या, "हात खाली करा आता. मोजून झालेत."

घरी आलो, तर बायको विचारते, "अहो, किती वर्षांचं असतं हे अध्यक्षपद?" म्हटलं, जन्मठेप समज. पण जन्मठेपेला निदान चांगल्या वागणुकीबद्दल सूट तरी मिळते गं!