फुलीविना गेलेली फाइल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कार्यालयाचे सचिव, प्रकृती बरी नसतानाही आलेले आपले निवृत्त सचिव, सत्कारमूर्ती मोठ्या बाई, त्यांचे यजमान, पहिल्या रांगेतली त्यांची लेक आणि जावईबापू, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. आत्ता पाच वाजायला वीस मिनिटं आहेत. साडेपाचला खालच्या मजल्यावर बाईंचं सेवापुस्तक बंद होईल, त्यावर शिक्का बसेल, आणि मग त्यात कुणाला काही लिहिता येणार नाही की खोडता येणार नाही. म्हणून बाईंचा वक्तशीरपणा, त्यांचं अक्षर, त्यांचा डबा, हे सगळं इतरांवर सोपवतो. बाई, असं बघू नका. सकाळी तुम्हाला विचारलं होतं.

माझ्या आधीचे वक्ते म्हणाले, एकोणीस वर्षांपूर्वी बाईंनी मोठं धाडस केलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण त्या दिवशी त्या खोलीत दोनच माणसं होती, आणि वक्ते त्यात नव्हते. मी होतो.

पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय म्हटलं की लोकांना घोडे, बिगूल आणि गालिचे दिसतात. आमच्या खोलीत तीन टेबलं, दोन कपाटं आणि न उघडणारी एक खिडकी आहे. राष्ट्राध्यक्ष राज्य चालवत नाहीत. मंत्रिमंडळ ठरवतं, सल्ला देतं, आणि त्या सल्ल्यावर राष्ट्राध्यक्ष देशाच्या नावानं सही करतात. सल्ला पटला नाही, तर प्रश्न विचारून फाइल परत पाठवता येते. एकदाच. राज्यघटनेत त्याला अर्धी ओळ दिली आहे.

आमचं काम फाइल त्या सहीपर्यंत नेणं. सही जिथं हवी, तिथं पेन्सिलनं बारीक फुली घालायची. सही झाली की फुली पुसायची. हे कुठल्या नियमात नाही, पण फुलीशिवाय फाइल आत गेलेली नव्हती. अकरा ते बारा, चाळीस फायली. फुली दिसली की पेन चालायचं. राष्ट्राध्यक्ष आळशी होते असं नाही. चाळीस फायली तासात वाचून दाखवा, मग बोलू.

फुल्या मी घालायचो, बाई तपासायच्या. मी नवा होतो, कायम व्हायला दोन महिने बाकी होते. बाई मला घाईराजे म्हणायच्या. “घाईराजे, शाई वाळू द्या. देश कुठं पळत नाही.”

त्या दिवशी एका फाटकवाल्याची फाइल होती. रेल्वेचं फाटक उघडं राहिलं, बस रुळांवर आली, अकरा माणसं गेली. फाटकवाल्याला जन्मठेप झाली. त्याच्या बायकोचा दयेचा अर्ज होता, आणि तो फेटाळावा असा मंत्रिमंडळाचा सल्ला. माझी दाढ ठणकत होती. दंतवैद्याची साडेदहाची वेळ होती. फुल्या घातल्या आणि पळालो. एका फाइलवर घालायची राहिली. धाडस म्हणतात ते एवढंच. दाढ.

आत राष्ट्राध्यक्षांसमोर काय झालं, ते आमच्या शिपाईमामांनी शंभर वेळा सांगितलं आहे. आज ते हयात नाहीत, म्हणून मी सांगतो. “साहेबांनी पान उलटलं, परत उलटलं. म्हणाले, यात फुली नाही. म्हटलं, साहेब, खालीच करा की. तर म्हणाले, खाली कशाच्या? आणि बसले ना वाचत! चहा दोनदा गार झाला.”

बारा वाजता चाळीसांपैकी एकच फाइल बाहेर आली. तिच्यावर सही नव्हती. एक प्रश्न होता. ‘या फाटकावर दोन माणसांची नेमणूक आहे. दुसरा माणूस कुठं होता?’

सात महिने उत्तर आलं नाही. मग आलं. दुसरी जागा तीन वर्षं रिकामी होती आणि हा माणूस सलग सोळा तास उभा होता. सल्ला बदलला. शिक्षा कमी झाली. तो घरी गेला. आम्ही त्याला कधी पाहिलं नाही, फाइल तेवढी पाहिली. त्या अकरा जणांनाही घरं होती. झालं ते योग्य झालं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणीतरी वाचलं, एवढं नक्की.

प्रश्न गेला त्याच आठवड्यात मंत्रालयातून फोनवर फोन आले. निवृत्त सचिवसाहेब, चौकशी आपणच केलीत. आपलं चुकलं असं मी म्हणत नाही. आपण विचारलंत, “फुली कुणाची राहिली?” मी तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, “माझी.” सेवापुस्तकात शेरा आला, ‘कामात हलगर्जीपणा.’ बाईंची बढती चार वर्षं अडली. दोन महिन्यांनी मी कायम झालो.

मी गप्प राहिलो. आधी नोकरीसाठी, मग सवयीनं. नंतर कार्यालयात बोलवा उठली की बाईंनी फुली मुद्दाम घातली नाही, आणि नवी मुलं त्यांना बघून उठून उभी राहायला लागली. मी मनाशी म्हटलं, चला, माझ्या चुकीनं त्यांचा मानच वाढला. स्वतःची समजूत घालायला माणसाला काय लागतं?

आज सकाळी मी सचिवसाहेबांना अर्ज दिला. चूक माझी होती, बाईंचा शेरा काढून टाकावा. साहेब म्हणाले, कार्यक्रमानंतर बघू. मग अर्जाची प्रत बाईंना दाखवली. त्या कपाट रिकामं करत होत्या.

“कशाला उकरतोस आता?” त्या म्हणाल्या. “शेरा बरोबर आहे.”

“अहो बाई, विसरलो मी!”

“विसरलास तू. मला दिसलं होतं.”

मी खुर्चीत बसलो. त्यांच्याच.

“पेन्सिल हातात घेतली होती,” बाई म्हणाल्या. “त्या बाईचा अर्ज वाचला होता ना मी. म्हटलं, जाऊ दे अशीच. बघू, वाचतात का.”

“मग हे धाडसच झालं की.”

“वेडा आहेस का? एक फाइल निवडली मी. कुणी सांगितलं होतं मला निवडायला? त्यानंतर फुल्यांचं काम माझ्याकडे घेतलं, एकोणीस वर्षं रोज घातल्या. प्रत्येक वेळी हात अडायचा. हिच्यावरच का घालायची? हिच्यातही कुणाची तरी बायको असेल. आणि घालायचेच.”

मी विचारलं, हे सभेत बोलू का? म्हणाल्या, “बोल. पण धाडस म्हणू नकोस.”

म्हणत नाही. पण सकाळपासून माझं कशात लक्ष लागत नाही. तो प्रश्न विचारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा, आणि तो वापरला जावा की नाही, हे आमच्या पेन्सिलीनं ठरायचं! चाळीस गुणिले किती दिवस? मी हिशेब सुरू केला होता. सोडून दिला.

सचिवसाहेब, सकाळचा अर्ज मी मागं घेतो. हा दुसरा. बाईंचा शेरा राहू द्या, तो त्यांना हवा आहे. त्याच्याखाली माझं नाव लिहा. ती फुली विसरलो तो मी. आणि बाईंच्या सेवापुस्तकाबरोबर माझंही मी खालून आणलं आहे, कारण बाईंचं टेबल उद्यापासून माझं. उद्या सदतीस फायली आहेत. एकीवरही मी फुली घालणार नाही. दाढ ठीक आहे. राष्ट्राध्यक्षांनी विचारलं, सही कुठं करू, तर नव्या शिपायाला उत्तर सांगून ठेवलं आहे. “वाचलं की सापडेल.” याला हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. अवज्ञा हा शब्द चालेल. शेरा आजच लिहिलात तरी माझी हरकत नाही.

पाच मिनिटांची बारा झाली. ऐकून घेतलंत, आभारी आहे. बाई रागावल्या आहेत, त्यांच्या लेकीनं घरी सांभाळून घ्यावं. बोलताना व्यासपीठाचा मान राखण्यात उणं पडलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

साहेब, दोन्ही पुस्तकं आपल्यासमोर उघडी ठेवली आहेत. मी बसतो.