तव्याखालचा फोटो

...न्हाई, मी म्हन्ते, बाईमानसानं फोटो काढले तर लोकायचं पोट काहून दुखावं हो? "जिवनबाई, मालकानंच शिकवलं असंल न्हाई तुमाला?" अरे, मालकानं काय शिकवलं! त्यायच्या हाती कॅमेरा दिला की अंगठाच येऊन राहायचा फोटोत... तुमाला सांगते, मला हा नाद लावला माझ्या मायनं. चांगुणाबाईनं. अन् त्या माउलीनं जिंदगीत कॅमेऱ्याला बोट लावलं न्हाई! उलट म्हनायची, "फोटोत काय ठेवलंय?"

ऐका तर. आमी पुसेगावचे. निजामाचं राज, मी नऊ वर्साची, अन् माझा भाऊ संतराम एकोणीसचा. हा गडी एक डाव हिंगोलीच्या बाजाराला गेला अन् भीमसिंग फोटोवाल्यापाशी फोटो काढून आला. काय तो थाट! मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात हंस... पुसेगावात कुनी हंस पाहिला होता का? अंगात भीमसिंगाचाच कोट, बाह्या कोपरापासून चार बोटं खाली येऊन थांबलेल्या! बा म्हनला, "फोटोत काय ठेवलंय? मानूस घरात हाय की." पन खिळा त्यानंच ठोकला, भितीला, चुलीच्या समोर. अन् मी येता-जाता बघायची. भाऊ खाली जेवून राहिला अन् वर भितीवर बी भाऊ! मला लई गंमत वाटायची हो.

मग तो उन्हाळा आला. आमच्या इकडचे पोरं तिरंग्यापायी सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जाऊन राहिले होते. संतराम बी गेला. मायला सांगितलं, "मामाकडं चाललो." मामा कुटं, हा कुटं! मायला समदं समजलं, पन तिनं दशम्या बांधून दिल्या.

महिन्याभरानं गावात निजामाचे दोघं वर्दीवाले आले. चावडीवर बसले. शेजारची शालूबाई पळत आली, "चांगुने, ते संतरामचा फोटो मागून राहिलेत! कुन्या मुडद्यानं सांगितलं बाई, की तुमच्या घरी फोटो हाय!" म्हंजे कसं, बघा... त्यायला भावाचं तोंड ठावं न्हाई. फोटो घावला की नाक्यानाक्यावर ते तोंड ओळखीचं झालं. मग कुटून वापस येईल हो पोरगं?

माय भाकरी करून राहिली होती. उठली, फोटो काढला, चौकटीतनं कागद ओढला अन् तव्याखाली सारला. म्या बोंब ठोकली, "माय! भाऊ जळून राहिला!" तर तिनं तव्यावरची गरम भाकर माझ्या तोंडात कोंबली. हं! डोळ्यातनं पानी, तोंडातनं वाफ... अन् ती पुटपुटून राहिली, "फोटोत काय ठेवलंय, फोटोत काय ठेवलंय..." हंस आधी जळला, मग कोट, मग तोंड. म्या पाहिलं. माय बी पाहत होती.

त्यातला जमादार घरात आला. भितीवरच्या खिळ्याकडं बघितलं. "ये कील काहे की है?" माय म्हनली, "मारुतीचं चित्र होतं, सायब. वाळवीनं खाल्लं." "वाळवी ने देव को खा लिया?" "व्हय जी. वाळवीला काय कळतंय?" तो हसला. घर उलथंपालथं करून गेला. अन् त्या भाकरी? आमी खाल्ल्या की हो. टाकायच्या कशा?

आता तुमी म्हनाल, मग भाऊ वाचला. न्हाई वाचला. निजामाचं राज गेलं, पोरं घरी आले, गावानं गुलाल उधळला. आमच्या दारात मातूर सोनाजी एकटाच आला, भावाच्या संगं गेलेला. पायरीवरच बसला. म्हनला, "मावशी, श्रावणातच गेला. ताप होता. मी होतो जवळ." माय रडली न्हाई. पंधरा दिसांनी भाकर थापता थापता थांबली अन् बाला म्हनली, "आवं... मला त्याचं तोंड आठवंना. डोळे मिटले की चूलच दिसती."

दुसऱ्याच दिशी बानं बैलगाडी जुपली. मला घेतलं, काहून घेतलं ठाऊक न्हाई, एकट्याला धीर नसंल. भीमसिंग म्हनला, "पुंजाजी, कागद जळला तर जळू द्या. ज्या काचेवरनं छापला, ती काच असंल माझ्यापाशी." फडताळात काचाच काचा! दुपार टळली तवा घावली. उजेडात धरली अन् म्या किंचाळले... भावाचं तोंड काळं, केस पांढरे! भीमसिंग म्हनला, "रडू नको पोरी, चल." अंधाऱ्या खोलीत नेलं. लाल काचेचा कंदील. काच कागदावर ठेवली, घडीभर उजेड दाखवला, अन् कागद दवाईच्या पान्यात सोडला. कोरा कागद हो! म्या म्हनलं, ह्यात काय... तर पान्यात कोट आला. मग कान. मग डोळे. तुमाला सांगते, माझा भाऊ पान्याखालून माझ्याकडं बघून राहिला होता! बानं दाराची चौकट धरली. अन् मी? मी म्हनले, "काका, आनखी एक करा." तवापासून जो नाद लागला, तो लागला. लग्नात पाटल्या नको म्हनलं, डबा कॅमेरा घ्या. सासू तीन दिवस जेवली न्हाई!

फोटो मायच्या हाती दिला. लई वेळ बघितला. म्हनली, "कोट आखूड हाय." अन् मग रडली, रातच्याला दिवा लावायची सुद राहिली न्हाई.

पुढं म्या अख्ख्या पंचक्रोशीचे फोटो काढले. लग्नं, बारशी, बैल सुदीक! पन माय? कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. म्या रागावले, रडले, आन घातली. तवा एक डाव पदराआडून म्हनली, "जिवने, लेकराचं तोंड म्या माझ्या हातानं जाळलं. माझं तोंड कशाला ठेवती?" मग पुना न्हाई विचारलं. गपचूप काढत गेले, पन तिला चाहूल लागायचीच.

गेली ती. अकरा फोटो हायेत तिचे माझ्यापाशी. नातवं विचारतेत, "आजी, तुझी माय कशी होती?" काय सांगू? अकराच्या अकरात पदर... पन लुगड्याचे काठ काय साफ आलेत म्हन्ता!