अण्णांच्या फियाटचं चौथं दार

जुन्या गाडीची दारं काढायची म्हणालास म्हणून आठवलं. आमचा दोस्त दिल्या, त्याच्या वडलांची, अण्णांची, जुनी फियाट होती. ड्रायव्हरकडचं दार कित्येक वर्षं जाम. अण्णा डावीकडनं शिरायचे आणि सीटवरनं सरकत स्टेअरिंगपाशी यायचे. गाडी रंगवायची ठरली, तरी त्या दाराला हात लावू देईनात. म्हणायचे, "पत्रा फाटला म्हंजे?"

एकदा अण्णा कुरुंदवाडला लग्नाला गेलते. आम्ही बावड्यात, त्यांच्याच अंगणात, रंगासाठी दारं काढायला घेतली. तीन भराभर निघाली. चौथं, ते ड्रायव्हरकडचं, हलेना. रॉकेल ओतलं, हातोडा घातला. शेवटी दिल्यानं पाय लावून असं ओढलं की दारासकट आडवा झाला. पत्रा शाबूत! आम्ही नाचायलाच लागलो.

तेव्हा मोबाइल नव्हते. अण्णा लवकर परतलेत हे फाटक वाजल्यावरच कळलं. अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली, डावीकडनं आत शिरले आणि सरकत सरकत स्टेअरिंगपाशी जाऊन बसले.

दिल्या हळूच म्हणाला, "अण्णा, हिकडनं बसायचं की. आता दारच न्हाय."

अण्णांनी उजवीकडं बघितलं. "व्हय की रं. झाक काम केलंसा."

आणि उतरायला परत डावीकडं सरकले.