सात नंबरच्या पिस्तुलातली खाच

माझे नाव वरच्या रकान्यात आहे. नेमबाजी क्लबात मात्र सगळे मला मिस्त्री म्हणतात. वय बावन्न, काम क्लबाच्या हत्यारांची देखभाल व दुरुस्ती, राहणार क्लबामागील खोली. समक्ष हजर राहून सांगतो की, पोलीस ठाण्यात ज्या बाकावर मला सव्वा तास बसवले त्याचा एक खिळा वर आलेला आहे. त्याने माझी पँट फाटली. तो ठोकायला दोन मिनिटे लागतात. ही बाब जबाबात लिहून घेण्यास ठाण्याच्या साहेबांनी नकार दिला. मी पुढे बोलेना, तेव्हा लिहून घेतली.

मागील रविवारी निवड चाचणीत क्लबाच्या सात नंबरच्या पिस्तुलात झाडलेल्या काडतुसाची पुंगळी अडकली. पिस्तूल क्लबात सरावाला येणाऱ्या नर्सबाईंच्या हातात होते. पुंगळी निघेपर्यंत त्यांची वेळ संपली. क्लबाच्या सेक्रेटरींनी इथे तक्रार दिली की, बाईंनी निष्काळजीपणे हाताळून हत्यार बिघडवले. दोष पिस्तुलात आधीपासून होता असे ठरल्यास बाईंना पुन्हा संधी आहे. त्यांचा ठरल्यास दोन वर्षे बंदी. त्या सहा वर्षे सराव करत आहेत.

सदर पिस्तूल लहान काडतुसाचे आहे. आत काडतूस नसताना चाप ओढला की पिन थेट नळीच्या काठावर आपटते. शेकडो वेळा आपटली की काठाला खाच पडते, कड आत वळते आणि पुंगळी अडकते.

सेक्रेटरी रोज चार वाजता ऑफिसात फोनवर असतात. फोन खांदा व कान यांच्यामध्ये, दोन्ही हात सात नंबरवर. वरचा भाग मागे खेचायचा, फाडकन सोडायचा, चाप ओढायचा. फोनवर पलीकडे कोणी साधा माणूस असला तर सावकाश, व्याही असले तर जलद.

मी सेक्रेटरींना म्हणालो, "साहेब, झिजतंय ते."

"अहो मिस्त्री, रिकामंच आहे ना?"

"रिकामं आहे म्हणूनच झिजतंय."

"तुमचं आपलं काहीतरीच. लोखंड आहे ते, साबण नाही."

मी त्यांना प्लास्टिकची डमी काडतुसे आणून दिली, म्हणजे पिन त्यांवर आपटेल. त्यातले एक त्यांनी भोक पाडून स्कूटरच्या किल्लीला अडकवले आहे. ते आत्ता बाहेर बसले आहेत, किल्ली पाहून घ्यावी.

नर्सबाई ड्यूटी संपवून येतात. पिस्तूल उचलताना वा ठेवताना आवाज होऊ देत नाहीत, जणू शेजारी पेशंट झोपला आहे. मागील वर्षी मी हत्यारांच्या कपाटाला कुलूप न लावता डोळे तपासायला निघून गेलो. परतलो तेव्हा बाई कपाटाला पाठ लावून स्टुलावर बसलेल्या होत्या. दोन तास. पुढची ड्यूटी बुडवून. म्हणाल्या, "मिस्त्रीदादा, लावा आता कुलूप, पाठ अवघडली माझी." आजवर कोणाला बोलल्या नाहीत. याचा तक्रारीशी काय संबंध, असे साहेबांनी विचारले. आहे, असे मी सांगितले.

दर शनिवारी हत्यारे तपासून मी रजिस्टरात नोंद करतो. खाच मला नऊ आठवड्यांपूर्वी दिसली. सेक्रेटरी म्हणाले, "लिहिलंत तर पिस्तूल बाद होईल. चाचणी उरकू दे, मग बघू." मी नऊ शनिवार 'सुस्थितीत' असे लिहिले. तक्रारीचा सगळा आधार तोच आहे: शनिवारी सुस्थितीत होते, रविवारी बाईंनी बिघडवले.

नऊही नोंदी खोट्या आहेत व सही माझी आहे. खाच एका दिवसाची नाही. पिस्तूल उघडून दाखवायला तयार आहे. खोटी नोंद करणाऱ्याचे काय होते ते साहेबांनी मला समजावून सांगितले. ते मला आधीच ठाऊक होते. रजिस्टर मागितले नसताना सोबत आणले आहे, ते जमा करतो.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. नोंदी 'नजरचुकीने' झाल्या असे साहेबांनी माझ्या भल्यासाठी मध्ये घातले होते. तो शब्द मी खोडायला लावला. आता जे उरले आहे ते मी सांगितल्याबरहुकूम आहे.