बाभळीची पाचर

इब्राहिम : कुठं वाजतंय म्हणता? मघापासून चाक फिरवून माझा हात भरून आला. मुंगी चालल्याचा आवाज येईना.

सयाजी : रिकामं फिरवून न्हाई वाजत. वज्यानं वाजतं.

इब्राहिम : मग चढा वर. तुमचं वजन काय कमी हाय?

सयाजी : चालताना वाजतं. उभ्या गाडीत न्हाई.

इब्राहिम : म्हणजे माझ्या घोड्याचीच गत. चारा खाताना चारी पाय धड, टांग्याला जुंपला की लंगडतो.

(वारूळवाडीतली चैत्राची सकाळ. अंगणातल्या छपराखाली सयाजीची दमणी, म्हणजे चटईच्या छताची हलकी बैलगाडी, एका अंगाला धोंड्यावर उचलून ठेवलेली आहे. जुन्नर-नारायणगाव टांगा हाकणारा इब्राहिम 'सहज' म्हणून आला आहे. सहज आलेला माणूस हातोडी, पहार आणि तेलाची बुधली घेऊन येत नाही, हे सयाजीच्या ध्यानात यायला हवं होतं. पण माघापासून बऱ्याच गोष्टी त्याच्या कानापर्यंत येतात आणि तिथंच थांबतात.)

सयाजी : जुन्नराहून माझं चाक बघाया आलात व्हय?

इब्राहिम : नारायणगावात सवारी उतरवली. म्हटलं, सयाजीराव काय करत्यात बघून यावं. तुमी गाडीवाले, आमी बी गाडीवाले. आपलं बोलणं दुसऱ्या कुणाला गोड लागत नाय. परवाची गंमत ऐकली का? नदीच्या अलीकडं सायबाची मोटार उभी. बैल नाय, घोडा नाय, नुसती लोखंडाची पेटी. तिच्या रबरी चाकातला वारा गेलेला. साहेब कोट काढून, धुळीत गुडघे टेकून, नळीनं चाकात वारा भरतोय. सगळं नारायणगाव भवतीनं गोळा. मी म्हटलं, घ्या, एवढी मोटार बाळगली तरी चाकाचं दुखणं सुटलं नाय बिचाऱ्याचं.

सयाजी : मग?

इब्राहिम : मग काय? भरला वारा आन् गेला. तुमचं चाक शिमग्याच्या आधीपासून दुखतंय.

सयाजी : हं.

इब्राहिम : हसा की राव जरा.

सयाजी : हसलो की.

साळुबाई : भाऊ, गूळपाणी घ्या. त्यांचं हसणं नगा धुंडू. घरात बी सापडत न्हाई, अंगणात कुटनं सापडंल?

इब्राहिम : द्या वयनी. ऊन लई झालंय.

साळुबाई : आज काय दुखतंय म्हणले गाडीचं?

इब्राहिम : वाजतंय म्हणत्यात.

साळुबाई : आज वाजतंय. आधी वंगण सुकलं व्हतं. म्या एरंडेलात काजळी कालवून दिली. मग जुवाची खीळ सैल झाली. ती सुताराकडनं घडवून आणवली. मग छताची चटई फाटली, ती म्या शिवली. मग बैलाच्या खुराची पत्री पडली. मग चाकाची धाव सैल झाली.

सयाजी : झालीच व्हती सैल. उन्हाळ्यात लाकूड आकसतं. लोखंडाची धाव काय आकसत न्हाई.

इब्राहिम : ते खरंय वयनी. आमच्या टांग्याचं बी तसंच. भिजवलं का चाक?

सयाजी : मीना नदीच्या डोहात ठेवलं व्हतं रातभर. लाकूड फुगलं, धाव बसली. दोन उन्हं लागली, परत खुळखुळ.

साळुबाई : म्हणून म्या गोणपाट भिजवून गुंडाळते रोज चाकाला. स्वयपाकघरावरचं कौल फुटलंय, त्याला हात लावला न्हाई यांनी. मागच्या दाराची कडी निखळून लोंबतीय, तिला न्हाई. दिस उगवल्यापासून मावळेपर्यंत नुसती गाडी.

सयाजी : वाटंत मोडली तर कुनी बघायचं?

इब्राहिम : कुठल्या वाटंत? कुठं निघालाय?

साळुबाई : सांगा की. तोंडानं नाव तरी घ्या गावाचं.

सयाजी : तुला म्हाईत हाय ना? तूच सांग.

साळुबाई : घोडेगाव. आमच्या ठमाचं सासर. भाऊ, तुमच्यापासून काय लपलंय? दिवाळीला हितंच बाळंत झाली. पोरगी झाली, सोनी. पौषात यांनीच दोघींना या गाडीतनं पोचवलं. माघात तिकडं तापाची साथ आली आन् ठमा गेली. निरोप आला तवा सगळं उरकलेलं. दहाव्याला हे चालत गेले. गाडी दारात उभी, बैल दावणीला, आन् हे पायी.

इब्राहिम : अल्ला. ठमाचं कळलं व्हतं मला. पोर कुठं हाय आता?

साळुबाई : तिथंच. आत्या हाय तिची, लंकाबाई, ती सांभाळती. पण गेणूचं, म्हंजी आमच्या जावयाचं, दुसरं लगीन ठरलंय अखितीला. लगीन झालं की लंकाबाई कल्याणला तिच्या घरी जाणार. व्याह्यांनी सांगावा धाडलाय, अखितीच्या आत पोर न्यायची तर न्या. न्हाईतर ती लंकाबाईसंगं कल्याणला जाईल. एकदा आगीनगाडीत बसली की आपल्याला ती परत कधी दिसायची?

इब्राहिम : अखिती तर आलीच की!

साळुबाई : आली. म्या शेळी आणून बांधलीय. दूध काढते रोज आन् शेजारी देते.

इब्राहिम : मग हे चाकबिक सोडा. माझा टांगा जोडतो. आज निघतो, मंचरला मुक्काम, उद्या घोडेगाव, परवा पोर तुमच्या दारात. माझ्या लेकीला, गुलशनला संगं घेतो, ती बघंल पोरीला. तुमी बसा हितं वंगण लावत.

सयाजी : न्याल का खरंच?

साळुबाई : न्हाई चालायचं. व्याही तसे पोर देणार न्हाईत, आन् बरूबर हाय त्यांचं. आईमागं राहिलेलं लेकरू आजोळी न्यायचं तर आज्यानं जायचं. उपरणं पसरायचं, चार माणसांम्होरं त्यात पोर घालत्यात. मग ती आपली. न्हाई तर उद्या कुनी बी म्हणंल, टाकून दिली व्हती.

सयाजी : तू ये म्हणालो तरी तू येत न्हाईस.

साळुबाई : बाईमाणूस कुटं मुराळी गेलेलं ऐकलंय का? लेकीच्या उंबऱ्यावर आई गेली तर लोक हसत्याल.

सयाजी : मग चाक नीट झाल्यावर जातो.

इब्राहिम : ठीक. मग नीटच करू. आजच्या आज. ती ओली गोणपाटं काढा वयनी. हां. वंगण झकास. आस सरळ. आरे सगळे बसलेले, एक हलत नाय. आता धाव. हितं बसलीय. हितं बी बसलीय. हितं... थांबा. हितं हातोडी मारली की भद्द वाजतंय.

सयाजी : म्हटलं नव्हतं का, वाजतंय म्हणून.

इब्राहिम : पण हे काय? धाव आन् लाकडाच्या मधी पाचरीची जागा हाय. कड ताजी दिसतीय. पाचर ठोकलेली व्हती हितं. कुणीतरी काढलीय.

साळुबाई : आपसूक पडली असंल.

इब्राहिम : पडलेली पाचर असा ओरखडा ठेवून जात नाय. हे विळ्याच्या टोकानं उचकटलंय. ठोकली कुणी व्हती?

साळुबाई : म्या.

सयाजी : तू?

साळुबाई : म्याच. बाभळीची. तासून, तेलात भिजवून. तुमी मळ्यात गेलावता तवा ठोकली. चाक गप झालं. वाटलं, आता जात्याल. दुसऱ्या दिशी तुमी परत म्हणले, धाव सैल. म्या बघितलं, तर पाचर न्हाई. म्हटलं, पडली असंल. दुसरी ठोकली. ती बी गेली. मग काय ते कळलं मला. म्हणून परवा बाजारात भाऊंना गाठलं. म्हटलं, एकडाव येऊन जावा.

सयाजी : म्हंजी तुमी सहज आला न्हाईत.

इब्राहिम : नाय. माफ करा.

सयाजी : माफ काय त्यात.

साळुबाई : दुसरी पाचर रातचं उठून काढलीत तुमी. म्या जागीच व्हते. विळ्याचा आवाज ऐकला. सकाळी उठून परत चाकाला गोणपाट गुंडाळलं. दोघं एकाच चाकाला लागलोय, आन् एकमेकाला काय बोलत न्हाई.

इब्राहिम : सयाजीराव, पोर नको हाय का तुमाला?

सयाजी : नको कशी?

इब्राहिम : मग?

सयाजी : ठमाचा निरोप आला तवा मी बैलांना पाणी दाखवत व्हतो. ज्यानं निरोप आणला त्याचं ऐकलं, आन् बैलांचं पाणी पुरं केलं. दहाव्याला सगळे रडले. व्याही रडले, गेणू रडला. मी बघत बसलो. त्यांच्या कौलातनं एक कवडसा पडला व्हता, त्याच्याकडं बघत बसलो. तवापासनं तसंच हाय. भाकरी खातो, कशी लागली कळत न्हाई. ऊन लागतं, लागलं ते मागनं कळतं.

इब्राहिम : व्हतं असं.

सयाजी : ती सोनी हितं व्हती तवा माझं बोट धरायची. सोडायचीच न्हाई. मी तसाच बसून राहायचो, बैल वरडले तरी उठायचो न्हाई. तवा हितं, छातीत, काय तरी व्हायचं. आता तिथं जाईन. उपरणं पसरीन. चार माणसं माझ्या तोंडाकडं बघत्याल. पोर उपरण्यात घालत्याल. आन् मला काय वाटलंच न्हाई तर?

साळुबाई : हं.

सयाजी : ठमाची पोर हातात, आन् जोंधळ्याचं गठुडं उचलल्यावाणी उचलली मी, तर? मग काय करायचं? त्यापरीस चाक सैल असल्यालं बरं.

इब्राहिम : माझी बायको, बिबिजान, गेली त्या दिवशी, कबरस्तानातनं आलो आन् टांगा धुवायला घेतला. दिवे पुसले, पितळ घासलं. शेजारचा शौकत म्हणाला, याला काय काळीज हाय का नाय? मला बी वाटलं, खरंच, नसंल.

सयाजी : मग कधी आलं?

इब्राहिम : काय सांगू? आलं म्हणून सांगायला कुणी आलं नाय. टांगा चालवत राहिलो.

साळुबाई : निरोप आला तवा म्या पीठ मळत व्हते. मळून पुरं केलं. भाकरी थापल्या, शेकल्या, टोपल्यात ठेवल्या. ठमाची लुगडी धुतली, वाळवली, घडी केली. डोळ्यांत टिपूस न्हाई. बाया म्हणल्या, दगड झालीया. व्हय, झाले. मला बी काय वाटत न्हाई अजून.

सयाजी : तू कधी बोलली न्हाईस.

साळुबाई : तुमी इचारलं न्हाई. तुमी गाडीखाली, म्या चुलीम्होरं.

सयाजी : मग तरी आणायची म्हणतीस?

साळुबाई : आणायची. आपल्याला काय वाटतं न् काय न्हाई, ते त्या लेकराला काय करायचंय? तिला टायमाला दूध पायजे. ओलं बदलायला पायजे. धरायला एक बोट पायजे. तुमचं बोट हाय ना जाग्यावर? मग. तेवढं घिऊन जावा. बाकीचं आलं तर आलं.

इब्राहिम : वयनी, गूळपाणी आणखी हाय का थोडं?

साळुबाई : हाय. आणते.

इब्राहिम : राहू द्या, बसा. उगाच काय तरी बोलायचं म्हणून बोललो.

सयाजी : इब्राहिमभाऊ.

इब्राहिम : बोला.

सयाजी : हे घ्या.

इब्राहिम : हे काय, कनवटीला काय लावलंय? अहो, या तर पाचरी! दोन्ही जपून ठेवल्यात?

सयाजी : टाकवल्या न्हाईत. तिनं तासलेल्या दिसत व्हत्या. आपल्या घरातलाच हात, वळखू येतो.

साळुबाई : म्हंजी तुमाला ठावं व्हतं?

सयाजी : व्हतं.

साळुबाई : बरं.

इब्राहिम : चला, चाक धरा दोघांनी. असं. वयनी, तुमी पलीकडनं. नीट धरा, हातावर बसंल. हां. एक. आता तिच्या शेजारी दुसरी. आणखी एक ठोका. आता ऐका. टण्ण! कुठं भद्द वाजत नाय. घोडेगावला जाऊन येस्तोवर याला काय व्हत नाय. वाटंत कळंबला नदीत गाडी जरा उभी करा, चाकं भिजू द्या, बैल बी पाणी पित्याल.

सयाजी : आज निघालो तर उद्या पोचतो.

साळुबाई : दशम्या केल्यात. कालच.

सयाजी : कालच?

साळुबाई : रोजच करते. रोज तुमीच खाताय.

सयाजी : पेंढा घालायला पायजे गाडीत. वर ती ठमाची वाकळ अंथर.

साळुबाई : अंथरते.

सयाजी : ती... बसाया लागली असंल का गं आता?

साळुबाई : मला काय ठावं? हितनं गेली तवा मान धरत व्हती नुसती.

सयाजी : बसत नसंल तर वाकळंवर टाकून भागायचं न्हाई. वाट लई खराब हाय, धक्के बसत्याल तिला. मांडीवर घ्यावी लागंल.

साळुबाई : घ्यावी लागंल.

सयाजी : सगळी वाट?

साळुबाई : सगळी वाट.

सयाजी : मग कासरा कुनी धरायचा? एका हातानं बैल आवरत न्हाईत.

इब्राहिम : मी येतो की. टांगा नारायणगावात लावतो आन्...

साळुबाई : नगं भाऊ. तुमी पोटाचं बघा. शेळीला शेजारच्या चिमाबाईकडं बांधून येते. पायात वहाणा घालते.

सयाजी : तू? लोक हसत्याल म्हणत व्हतीस.

साळुबाई : हसू द्या. कुनाला तरी हसू येऊ द्या. तुमी पोर धरा, कासरा म्या धरते.