आठ दिवसांच्या बोलीवर नेलेले इंजिन

ठाणे भुसावळ, जिल्हा पूर्व खानदेश. तारीख १९ मार्च १९४७, वार बुधवार, दुपारी सव्वादोन.

नाव जीवराम सुपडू बऱ्हाटे, वय बावन्न, धंदा शेती, केळी व थोडी कपाशी, राहणार वडखेडे, तालुका रावेर. मराठी चौथीपर्यंत शिक्षण. सही करता येते.

मी स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे. लोको शेडचे फोरमन टर्नर साहेब यांच्या बंगल्यातून वाफेवर चालणारे छोटे इंजिन, तीन लोखंडी डबे आणि रुळाचे आठ तुकडे मी चोरून नेले, अशी त्यांचा बटलर डिसोझा याने फिर्याद दिली आहे. वस्तू मी नेल्या हे खरे आहे. चोरल्या हे खोटे आहे. हवालदार साहेबांनी पहिल्या ओळीत ‘खेळणे’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. खेळण्यासाठी बावन्न वर्षांचा माणूस ठाण्यात येऊन बसत नाही.

आमच्या गावाच्या शिवेतून रेल्वे जाते, पण गाडी थांबत नाही. केळीचे घड बैलगाडीत भरून सावदा स्टेशनला न्यावे लागतात. मध्ये नाला आहे. नाल्यात गाडी आदळली की निम्मे घड काळे पडतात आणि व्यापारी ते बाजूला काढतो. मागच्या भादव्यात नाल्याला पाणी असताना एक भरलेली गाडी उलटली. गाडीखाली माझा मोठा भाऊ तोताराम होता. त्याचा पंचनामा तेव्हा झाला आहे, म्हणून येथे अधिक सांगत नाही.

दिवाळीनंतर गावाने रेल्वेला अर्ज केला की, मालगाडी वडखेड्याला थांबवावी व केळी भरण्यापुरती जागा करावी. उत्तर इंग्रजीत आले, ते शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवले. त्यात असे होते की, वडखेड्याला लाइन चढाची आहे, भरलेली गाडी तेथे थांबवली तर इंजिनाला ती पुन्हा हलवता येणार नाही. गाव गप्प बसले. साहेबाने इंग्रजीत लिहिले म्हणजे झाले, असे आमच्याकडे अजूनही मानतात. मी मानले नाही. मी दुसरा अर्ज माझ्या एकट्याच्या नावाने केला की, जागेवर येऊन पाहावे, मी गाडी हलवून दाखवतो. त्यावर रेल्वेचे इंजिनियर साहेब उद्या गुरुवारी सकाळी साडेनऊला ट्रॉलीने वडखेड्याला येणार आहेत. चिठ्ठी माझ्या बंडीच्या खिशात होती, ती आपण काढून घेतली आहे.

हलवून दाखवतो असे लिहून बसलो, पण हलवून दाखवायला माझ्याकडे इंजिन नव्हते. माझी बायको कुंदाबाई म्हणाली, ‘‘आता काय तिकडे सोताच जुंपून घेता का?’’ पुढे चार दिवस मला घरात जेवण वेळेवर मिळाले, बोलणे मात्र मिळाले नाही.

टर्नर साहेब विलायतेला परत जाणार असून त्यांचे सामान विकायला काढले आहे, त्यात छोटी इंजिने आहेत, हे मला हिलाल याने सांगितले. हिलाल हा अमळनेरकडचा, बावीस वर्षे इंजिनावर फायरमन होता, आता निवृत्त होऊन भुसावळला राहतो. बंगल्यावर जाण्याआधी मी त्याला विचारले की, इंजिन घेताना काय पाहायचे. तो म्हणाला, ‘‘दांडी कितला चाकस्ले शे, ते मोज. बठ्ठा चाक मोजू नको.’’ म्हणजे जी चाके दांडीने एकमेकांना जोडलेली असतात तीच ओढतात, बाकीची नुसती वजन उचलतात. हे मला लगेच पटले. आमच्या बैलांतही असे असतात.

मंगळवार तारीख ११ रोजी मी माझी गाडी व बैलजोडी घेऊन सकाळी दहाच्या सुमारास बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात टेबलावर पाच इंजिने मांडली होती. डिसोझाने मला हिरवे इंजिन पुढे केले. म्हणाला, ‘‘मामा, हा घ्या. साहेबाचा लाडका आहे.’’ त्याला पितळी पट्टी होती आणि चाके मोठी होती. दिसायला नवरदेव. पण दांडी चारच चाकांना, आणि उंच चाक पळायला चांगले, ओढायला नाही. उंच पायाचा बैल शर्यतीला घ्यावा, मोटेला घेऊ नये. मी ते ठेवून दिले.

दुसरे व तिसरे चावीचे होते. चावीचे इंजिन पहिल्यांदा जोरात धावते आणि मग ढेपाळते. त्याचा जोर एकसारखा नाही, त्यामुळे त्याची परीक्षा खोटी ठरेल. चौथे विजेवर चालणारे होते, आणि वडखेड्याला वीज नाही. पाचवे टेबलाच्या कडेला होते. काळे, रंग उडालेले, खाली स्पिरिटची बत्ती लावून पाणी तापवायचे आणि खऱ्यासारखी वाफ धरायची. चाके बुटकी, सहा, आणि सहाही दांडीने जोडलेली. मी ते उलटे करून प्रत्येक चाक फिरवून पाहिले, कान लावून आवाज ऐकला, हाताने दाबून धरून ढकलले. डिसोझा हसत होता. हसू दे. सावद्याच्या बाजारात मी तीस वर्षे बैल घेतो आहे, आणि एकदाही लंगडा घरी आणलेला नाही.

किंमत डब्यांसह व रुळांसह पंच्याऐंशी रुपये ठरली. मी घासाघीस केली नाही, कारण जनावर पसंत होते. मग मी आमच्या बाजारात म्हणतात तसे मोठ्याने, व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, ‘‘आठ दिवसांची बोली. चढाला जुंपून पाहीन. खोड निघाली तर परत, नाही निघाली तर आठव्या दिवशी पैसे.’’ डिसोझा तेव्हा एका मडमेला चिनी मातीच्या बशा दाखवत होता. त्याने मान हलवली. आमच्याकडे विकणारा बोली ऐकून नाही म्हणाला नाही, म्हणजे ती ठरली. बैल कोणी आधी पैसे देऊन घेत नाही. जुंपल्याशिवाय त्याची खोड कळत नाही.

बोलीवर जनावर नेताना आपले काहीतरी मागे ठेवावे लागते. मी माझी जोडी ठेवली. दोन्ही बैल आवारातल्या लिंबाला बांधले, गाडी कडेला लावली, गाडीतला कडबा पुढे टाकला आणि माळ्याला त्यांना रोज नदीवर नेऊन पाणी पाजायला सांगितले. या जोडीत अशी दहा इंजिने येतील. चोर असे काही मागे ठेवत असेल तर मला माहीत नाही. मग इंजिन, डबे व रूळ एका पेटीत भरून ती खांद्यावर घेऊन मी दुपारच्या पॅसेंजरने निघालो. गाडी वडखेड्यावरून न थांबता गेली. मी सावद्याला उतरून पेटी घेऊन मागे चालत आलो.

डिसोझाने शुक्रवारी फिर्याद दिली आणि त्याच दिवशी माझे बैल मोकाट म्हणून कोंडवाड्यात घातले, असे आज येथे समजले. कोंडवाड्याची फी मी भरेन. पण माझे बैल मोकाट नव्हते, बांधलेले होते, हे लिहून घ्यावे. डाव्या बाजूचा बैल परक्या हातचे बादलीतले पाणी पीत नाही. मला सोडा वा न सोडा, त्याला कोणीतरी नदीवर नेऊन आणावे, ही विनंती आहे.

घरी काय केले असे विचारल्यावरून सांगतो. केळीच्या बागेत पाटाला उतार किती द्यायचा, हे आम्ही परातीत पाणी भरून पाहतो. पाणी ज्या काठाला चढते तो काठ खाली. त्याच रीतीने मी व माझ्याबरोबर भुसावळहून आलेला हिलाल यांनी तारेच्या खांबापासून खांबापर्यंत लाइनीचा चढ मोजला. रुळावर पाय ठेवला नाही, बाजूने मोजला. वडखेड्याच्या रेल्वे फाटकापाशी, जेथे आम्ही गाडी थांबवायला मागितली होती, शंभर हातांना एक हात चढ भरला. तेवढाच चढ गोठ्यात फळीला देऊन वर रूळ बसवले. इंजिन पाच शेर भरले. खऱ्या मालगाडीत इंजिनाच्या आठपट माल असतो असे हिलालने सांगितले, म्हणून तीन डब्यांत मापाची लोखंडी वजने घालून चाळीस शेर केले.

बुधवारी वाफ धरली आणि इंजिन जागेवर चाके फिरवत राहिले. गुरुवारी तेच. शुक्रवारी रूळ राखेने घासून पाहिले, तरी तेच. हिलाल म्हणाला, ‘‘साहेबनं खरं शे, जीवराम.’’ गावातली माणसे गोठ्याच्या दारात उभी राहून पाहून जात. भिकन सरपंच रोज संध्याकाळी येऊन ‘आज तरी?’ असे विचारत. माझ्या भावाची बायको सुनंदाबाई रोज चहा घेऊन येत असे. ती एकदाच बोलली. म्हणाली, ‘‘भाऊ, कसंबी करा, पन आता कोनाची गाडी नाल्यात जाऊ देऊ नका.’’

मला शुक्रवारी रात्री राग आला, तो इंजिनाचा नाही, माझा. जो बैल एका शेतात अडतो त्याला आपण मारत नाही, शेत पाहतो. मी इंजिन पाहत बसलो होतो, जागा पाहिलीच नव्हती. शनिवारी पहाटेपासून आम्ही नाल्यापासून पूर्वेला सगळे खांब पुन्हा मोजले. फाटकापासून पुढे चौदाव्या खांबाशी चढ निम्मा होतो आणि एका अख्ख्या मालगाडीच्या लांबीइतका तसाच राहतो. फळीचा चढ तेवढा केला. इंजिन थोडे घसरले, थांबले, मग डबे हलले. रविवारपासून काल संध्याकाळपर्यंत अकरा वेळा थांबवून अकरा वेळा हलवले. एकदाही अडले नाही. हिलालने त्याला नमस्कार केला. मी नाही केला, पण मला रडू आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

म्हणून फाटकापाशी गाडी हलत नाही हे रेल्वेचे म्हणणे खरे आहे, आणि चौदाव्या खांबाशी हलते हे माझे म्हणणे खरे आहे. उद्या इंजिनियर साहेबांना दोन्ही दाखवणार आहे. न अडणारेच दाखवले आणि अडलेले लपवले, असे उद्या कोणी म्हणू नये म्हणून दोन्ही येथे सांगून ठेवतो.

आज आठवा दिवस. बोलीप्रमाणे पंच्याऐंशी रुपये आणि इंजिन, दोन्ही घेऊन मी सकाळी बंगल्यावर गेलो. इंजिन यासाठी नेले की, पैसे देताना विकणाऱ्याने आपले जनावर धडधाकट आहे हे पाहावे, अशी रीत आहे. बंगल्याच्या दरवाजातच शिपायाने मला धरले. पैसे आणि पेटी दोन्ही आपल्याकडे जमा आहेत. बोलीची पद्धत साहेब लोकांत नाही हे मी आधी विचारायला हवे होते, ती माझी चूक. टर्नर साहेबांची त्याबद्दल माफी मागायला मी तयार आहे. चोरीची माफी मागणार नाही.

माझी मागणी एकच. इंजिन उद्या साडेनऊच्या आत वडखेड्याला पोचले पाहिजे. पोलीस शिपाई बरोबर द्यावा, पेटी त्याच्या ताब्यात राहू द्यावी. मला बेड्या घालून न्यायचे असेल तर तसे न्यावे. वाफ हिलाल धरील, मी हात लावणार नाही. मला ठाण्यातच ठेवायचे असेल तर ठेवावे, पण इंजिन न्यावे. साहेब पुन्हा येणार नाहीत.

चौदाव्या खांबाशी लाइनीलगत कोणाची जमीन आहे, असे विचारल्यावरून सांगतो. सर्व्हे नंबर ११२, तीन एकर, माझी व माझ्या भावाची. गावातली सगळ्यात चांगली केळी तेथे होते. गाड्या उभ्या करायला व रस्त्याला ती सगळी लागेल. मधोमध विहीर आहे, ती बुजवावी लागेल. तोतारामने व मी ती दोन उन्हाळ्यांत खणली. खडक लागला तेव्हा मी सोडून द्या म्हणालो होतो, त्याने सोडली नाही. ही जमीन मी द्यायला तयार आहे. भावाचा अर्धा वाटा सुनंदाबाईचा आहे, तो तिला विचारून. हे अजून घरी कोणाला सांगितलेले नाही.

विहिरीचा मजकूर या गुन्ह्याशी संबंधित नाही, तेव्हा तो गाळू का, असे फौजदार साहेबांनी विचारले. गाळू नये असे मी सांगितले. घरी जाऊन विहीर पाहिल्यावर माझे मन फिरेल, अशी मला भीती आहे. ते सरकारी कागदावर असू द्यावे.

वरचा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे, कमी नाही, जास्त नाही.

सही, जीवराम सुपडू बऱ्हाटे